घर्म

अशोक चौकातल्या रात्रशाळेत
मे महिन्यातल्या जादा तासाला
फळ्यावर लिहिलं : ऊष्मादायी अभिक्रिया.
पंखा फिरत होता, म्हणजे
गरम हवेची फक्त जागा बदलत होता.

"दायी म्हणजे देणारी," मी म्हटलं,
"आणि ऊष्मा 'उष्' धातूवरनं, उष् म्हणजे जळणं.
उषा मात्र यातली नव्हे, तिचा धातू वेगळा..."
शेवटच्या बाकावर गोवर्धन चिलवेरी पेंगत होता.
सकाळपासून रंगखान्यात,
हात मनगटापर्यंत निळे.

उठवलं. उदाहरण दे.
"कॉस्टिक, बाई.
बादलीत आधी पाणी, मग कॉस्टिक.
उलटं केलं तर तोंडावर येतंय.
खाली जाळ नाही, काय नाही,
पण बादलीला हात लावू देत नाही."
मग कोपर पुढे केलं.
भाजल्या पापडासारखी कातडी.
"ह्ये दिलंय तिनं."

पुस्तकात चुनकळी होती.
मी पुस्तक मिटलं.

तास सुटायच्या आत त्याची आई डबा घेऊन दारात,
बोटांना तंबाखूचा वास, पदरात विड्यांचा दोरा.
त्याच्या गळ्याला हात लावून म्हणाली, "वेडी!"
मी दचकले. कुणाला म्हणते ही?
तो हसला : "तेलुगूत गरम, बाई.
ताप हाय का बघतीया."

रात्री गच्चीवर,
ओली केलेली चादर अंथरून
कोश उघडला.
एक्झोथर्मिक. एक्झो, बाहेर. थर्म, ग्रीकांची ऊब.
आणि खाली बारीक टायपात
तिचा सख्खा भाऊ : संस्कृत घर्म.
तो चालत चालत इकडे आला,
वाटेत र गळाला,
म दुहेरी झाला, पुन्हा एकेरी झाला,
त्या भरपाईत घ लांबला,
घाम.

सोळा वर्षं मी शिकवते आहे
आणि कुणी मला सांगितलं नाही
की त्या शब्दाचा अर्थ
घाम बाहेर.

चादर एव्हाना वाळली होती.

वह्या तपासायच्या होत्या, म्हणून बॅटरी लावली.
गोवर्धनची वही, निळ्या अंगठ्याचा ठसा,
पहिल्याच ओळीत शुद्धलेखन चुकलेलं :
"ऊष्मादाई".

लाल पेन उघडलं.
दाई.
मोकळं करणारी.
पेनाला टोपण लावलं
आणि मनगटानं कपाळ पुसलं.