उसनी हाक

एन्टेबे. तळ्यावरून चिलटांचा धूर उठलाय,
खिडकीच्या जाळीवर काळी साय धरलीय.
नाम्पीमा एकेक बशी उजेडासमोर धरते:
जांभळ्या रंगात पेशींचं सलग अंगण
आणि त्यात भोकं, मोहरीएवढी.
जिथे भोक, तिथे एक विषाणू उतरला होता
आणि शेजारपाजार कण्हल्याशिवाय गेला.
चौदा. पंधरा. ही दोन चिकटलीत, दोनच धरायची.

या पेशी माकडाच्या मूत्रपिंडातल्या,
साठ वर्षं एका बाटलीतून दुसरीत नांदलेल्या.
गुणी आहेत. खातात, वाढतात, कुरकुर नाही.
फक्त त्यांना हाक मारता येत नाही.
वहीतलं तेवढं पान कधीतरी गळून पडलं.
विषाणू मोजायला म्हणून तर त्याच बऱ्या.

एरवी पेशीच्या दारात कुणीतरी जागं असतं.
येणाऱ्याचा चेहरा बघत नाही, डोकं बघतं.
घरच्या प्रत्येक संदेशाला टोपी घालून पाठवायची रीत;
हा आला तो उघडबोडका,
टोकाला तीन फॉस्फेट तसेच लोंबतायत.
तेवढ्यावरून कळतं.
मग एकाला एक खेटून साखळी धरतात,
कुणकुण गाभ्यापर्यंत जाते
आणि तिथून, भिंतीबाहेर, इंटरफेरॉन.

शेजारणी ऐकतात. चुली विझवतात.
पाहुणा आला तरी त्याला शिजवून घालायला कुणी नाही,
आणलेला शिधा दारातच फाडून टाकतात.
जिने हाक दिली
ती बहुधा वाचत नाही.

नाम्पीमा नऊ वर्षांची होती,
मसाकाच्या अलीकडे, मामाच्या गावी.
रात्री कॉफी वाळवायच्या खोपटाला आग लागली.
आत अकरा पोती होती. काबुये मामा पोत्यांकडे गेला नाही,
ओट्यावरचा नगारा ओढून बडवत राहिला:
ग्वांगा मुज्जे, ग्वांगा मुज्जे,
लोकहो या, सगळे या.
लोक आले, पण त्याच्याकडे नाही.
आपापल्या गवती छपरांवर चढले,
केळीचे ओले सोट चिरून पसरले, पाणी शिंपलं.
मामाचं घर पहाटेपर्यंत जळलं.
बाकी गावाची काडीही गेली नाही.
सकाळी कुणी काही बोललं नाही.
एका बाईने त्याच्यापुढे वाफाळतं मातोके ठेवलं,
तो हात न धुताच जेवला.

हे तिने प्रयोगशाळेत कुणाला सांगितलेलं नाही.
इथे आकडे सांगतात.

परवा तिला ताप होता. बोडाबोडावर मागे बसून
दातावर दात वाजत घरी गेली.
हाडं ठणकत होती, प्रकाश सोसवेना,
तेव्हा अंथरुणात हसली होती एकटीच:
हे त्या उपऱ्याचं काम नव्हे,
नगारा आहे हा, माझाच,
जरा जोरात वाजतोय इतकंच.

दिवे एकदा मिचकले. जनरेटर खोकला, लागला.
शेवटची बशी. सहा खळगे.
पाचांत विषाणू आणि माकडाच्या मुक्या पेशी.
सहाव्यात विषाणू तोच, पेशी त्याच,
फक्त आदल्या दिवशी चार थेंब घातले होते
दुसऱ्या पेशींवरचं पाणी,
ज्यांनी ओरडून घेतलं होतं
आणि ज्या आता नाहीत.
त्या पाण्यातले विषाणू तिने आधीच मारले होते.
उरली होती ती नुसती हाक.

एकवीस. अठरा. तेवीस. एकोणीस. बावीस.

सहावा तिने दोनदा फिरवून पाहिला,
चष्मा पुसून पुन्हा.
जांभळं. काठापासून काठापर्यंत जांभळं.
बोलता येत नाही त्यांना.
ऐकू येतं.

रकान्यात तिने शून्य लिहिलं,
गोल, जरा मोठं,
आणि पेनाचं टोपण शोधत राहिली.