इडलीपात्रात अकरा स्क्रू

बटण दाबलं की पंखा सुटतो,
कॅप्स लॉकचा दिवा दोनदा मिचकावतो
आणि पडदा काळा तो काळाच.
त्यात मीच दिसते, चष्मा कपाळावर,
मागे खिडकी, खिडकीत स्वान्सीचा समुद्र
गढूळ, ओहोटीला लागलेला.

आठ दिवस हेच.
प्लग काढ, बॅटरी काढ,
बटण तीस आकडे दाबून धर
(मी परवचा म्हटल्यासारखे मोठ्याने मोजते),
पुन्हा लाव, पुन्हा दाब:
पहिले पाढे पंचावन्न.
मंगळवारी एकदा चालू झाला होता,
डावा कोपरा जाड शब्दकोशावर टेकवून तिरका ठेवल्यावर.
बुधवारी तोच शब्दकोश, तोच कोपरा,
ढिम्म.

आत अडकलंय रुग्णालयाचं पत्रक,
मोतीबिंदू काढल्यावर घ्यायची काळजी, मराठीतून,
शेवटची एक ओळ राहिलेली.

ऋजुता ब्रिस्टलहून म्हणते, "आई, तेरा वर्षं झाली त्याला.
मी नवा मागवते, उद्या दारात येईल."
येईल. पण त्याच्या कळांवर एकच लिपी असेल.
याच्यावर मी चिकटवलीत अक्षरं, एकेक, चिमट्याने,
ती शाळेत गेली की,
या चढावर मला फक्त पोस्टमन ओळखायचा त्या दिवसांत.
त्यातला ळ कधीच गळून गेला.
तेव्हापासून फळ, काजळ, वेळ
बोटाच्या अंदाजाने.

शनिवारी एमलिन आला, पलीकडच्या घरातला,
जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला,
बूट दाराबाहेर काढून, खिशात बारका स्क्रूड्रायव्हर.
"अरा देग," म्हणाला. म्हणजे सावकाश;
एवढंच वेल्श मला येतं.
स्क्रू ठेवायला त्याने वाटी मागितली,
मी इडलीपात्र दिलं:
एका खळग्यात लांब, एकात बुटके, एकात काळे,
आणि एक कुणातच न बसणारा.

पाठ उघडली.
करडी, मऊ धूळ, साय धरल्यासारखी.
एक जिऱ्याचा दाणा.
एक केस, माझाच, काळा, म्हणजे फार जुना.
आणि पंख्याच्या पात्याला चिकटलेला
माझा ळ.

एमलिनने तो उजेडात धरला. "चष्मा आहे का हा?"
अक्षर आहे, म्हटलं. म्हणा.
तो म्हणाला ल. मग र.
मग दोघांच्या मधलं काहीतरी, जे कुठल्याच भाषेत नसेल.
"आता तुम्ही. माझं गाव: ल्लानेल्ली."
जीभ टाळूला लावायची आणि दोन्ही कडांनी हवा सोडायची,
मांजर फिस्कारतं तशी.
तीनदा मी नुसती थुंकी उडवली.
हा तर, म्हटलं, माझ्या पंख्याचाच आवाज.

मग मेमरीची पट्टी काढली.
(मेमरी म्हटल्यावर कुणी उसासे टाकू नयेत,
हिरवी पट्टी असते ती, बोटभर लांब.)
तिचे सोनेरी दात ऋजुताच्या खोडरबराने घासले,
दुसऱ्या खाचेत दाबली, कट्ट.
बटण.
पंखा. दिवा. एक लांब शिट्टी,
आणि काळ्यावर पांढरी अक्षरं: तारीख चुकीची आहे.

त्याच्या हिशेबाने एक जानेवारी दोन हजार बारा,
रात्रीचे बारा.
तेव्हा मी नाशकात होते, वजनकाट्यासमोर उकिडवी,
तेवीस किलोंत काय काय बसतं ते पाहत.
"आतली नाण्याएवढी बॅटरी मेलीय," एमलिन म्हणाला,
"सोमवारी आणतो.
तोवर रोज सांगायचं त्याला, आज काय ते."

तो सोमवार होऊन गेला. बॅटरी ड्रॉवरमध्ये आहे.
सकाळी चहा उकळेपर्यंत मी सांगते:
वर्ष, महिना, दिवस.
तो मुकाट्याने ऐकतो आणि उघडतो.

पत्रक पुरं केलं.
शेवटची ओळ: डोळा चोळू नका.
दोन्ही वेळा बोट बरोबर पडलं,
गोंद अजून ओला होता.

दहा स्क्रू परत गेले.
अकरावा कुठल्या भोकाचा, एमलिनलाही सांगता येईना.
रविवारी पीठ ओतायच्या आधी
मी तो काढून खिडकीत ठेवला.