साडेसोळा

रबाळे एमआयडीसीत, गटाराच्या पुलापलीकडे,
वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर
एक संगणक, एक खुर्ची
आणि खुर्चीला दोन पाळ्या.
दिवसाची मी. रात्रीचा भोपी.
हजेरीच्या वहीत त्याची सही रोज पाहते:
उजवीकडे कललेली, शेवटी एक नाहक टिंब.
माणूस अजून पाहिलेला नाही.

एडिटरसाठी मी एक छोटं प्लगइन लिहिलं,
काट्यांकडून येणारे आकडे रंगवणारं.
भरलं वजन निळं, रिकामं राखाडी,
उणे आलं तर लालभडक.
चाललं. पण विसरभोळं निघालं.
खिडकी मिटली की पाटी कोरी.
रोज सकाळी नऊला पुन्हा तेच सांगायचं:
अक्षर चौदा, मागचा रंग पांढरा, समास चार.
नव्या शेजाऱ्याला रोज आपलं आडनाव सांगावं तसं.

कारण साधंच होतं.
सगळं मी मेमरीत ठेवलं होतं,
म्हणजे वीज आहे तोवरचं.
मग एक फाइल केली. महिरपी कंसात
नाव, विसर्गासारखे दोन ठिपके, किंमत.
शेवटच्या किमतीनंतर चुकून स्वल्पविराम राहिला
तर अख्खी फाइल तोंड फिरवते,
हे कळायला एक दुपार गेली
आणि गेटावरच्या टपरीचे तीन कटिंग.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली.
अक्षर अठरा.
मी अठरा ठेवलं नव्हतं.
मागे काळोख, अक्षरं ताकाच्या रंगाची,
आणि उणे वजन चक्क पिवळं.

फाइल सामाईक फोल्डरात पडली होती,
जिन्याखालच्या चपलांसारखी,
जो आधी निघेल त्याच्या पायात.

मी चौदा करून जायचे. तो अठरा करून.
मी पांढरं, तो काळोख.
चिडले आधी. मग एका दुपारी, भात चिवडताना, सुचलं:
अठरा म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलाय
आणि डॉक्टरकडे जायचं राहतंय.
पिवळं म्हणजे
माझं लाल त्याला राखाडीच दिसत असणार.
आठ महिने तो उणे वजनाला
रिकामं समजत आला असेल का?
त्याला विचारावं तर कसं.
चिठ्ठी लिहायची आमच्यात रीत नव्हती.

सोमवारी दुरुस्त केलं. ज्याचं लॉगिन त्याची फाइल.
धनावडे साहेब म्हणाले, चला, भांडण मिटलं.
भांडण नव्हतं ते, हे मी सांगितलं नाही.

मंगळवार, चौदा.
बुधवार, चौदा. पांढरं, स्वच्छ, फक्त माझं,
रात्रभर इथे कोणी बसलंच नसावं असं.
खुर्ची तेवढी दोन बोटं खाली गेलेली.
खुर्चीला फाइल नसते.

शुक्रवारी उणे वजन मुळातच पिवळं केलं,
ज्याला बदलायचं त्याने बदलावं.
आणि एक ओळ, एकच,
परत सामाईक फोल्डरात नेऊन ठेवली:
अक्षराचा आकार.
बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ'.
निघताना सोळा करून निघाले.
घणसोलीच्या बसमध्ये, मागून रसायनाचा
तो कुजक्या सफरचंदासारखा वास येत असताना,
वाटलं, फारच पुढे गेले का मी.

शनिवारी सतरा.
मी पुन्हा सोळा.
रविवार सुट्टीचा, त्याला नसते.

सोमवारी अक्षरं जराशीच वेगळी दिसली,
इतकी जराशी की मी आधी चष्मा पुसला.
फाइल उघडून पाहिली.
१६.५
अपूर्णांक चालतो हे मलाच ठाऊक नव्हतं,
तपासणी लिहायची राहून गेली होती.
आता लिहिणार नाही.
त्या आकड्यातलं टिंब
मी कुठेतरी पाहिलेलं आहे.