छाट

कारखान्यात चेकर उंच पाटावर बसतो.
माझा कट्टा सोडतो, एका बोटानं विड्या सारतो:
ही छाट. ही पण छाट.
एकोणीस वर्षं मी त्याचं तोंड नाही,
बोटच बघत आले.

सोमवारी तसंच एक बोट
अनुषापुढं आलं.
अक्कलकोट रोडची नवीन शाळा, काचेचं दार,
भिंतीवर जिराफ, पोरांची उंची मोजायला.
मॅडमनी चित्र धरलं. धिस इज अ?
पोरगी हसली. मामिडी पंडू.
मग माझ्याकडं बघून, आंबा.
मॅडम थांबून राहिल्या अजून एका शब्दासाठी.
तो आमच्या घरात कुणी आणलाच नव्हता.

फी अठ्ठावीस हजार. बूट वेगळे, बस वेगळी.
अंबादासनं पाकिटाच्या मागं आकडे मांडले, ओठ हलवत,
टॉवेलचे डझन मोजतो तसे.
मी विड्यांत मांडले.
हजाराला दोनशे दहा,
म्हणजे एकशे तेहतीस दिवस,
त्यात एकदाही ताप यायचा नाही.

महापालिकेची शाळा गल्लीच्या तोंडाला.
नळाला पाणी असलं तर संडास उघडा, नसलं तर कुलूप.
एकाच खोलीत पहिली खिडकीकडं, दुसरी दाराकडं,
मधे कडबगावकर बाई.
म्हटलं, बाई, हिला मराठी पण अर्धंच येतंय.
‘येतंय की,’ म्हणाल्या, ‘उरलेलं कुठं पळून जातंय?’
बरं वाटलं. म्हणून विचारून बसले,
तुमचा मुलगा कितवीला?
बाईंनी खडूचे हात झटकले.
‘त्याला पिवळी बस येते,’ म्हणाल्या,
आणि हजेरीत बघत राहिल्या.

अंबादास म्हणतो, बघ, इथंच कळलं.
काय कळलं, ते तो सांगत नाही.

मला वजनाचं थोडं कळतं.
कारखान्यात पत्ता ओला करून तोलतात,
घरी आणून वाळवला की हजार भरत नाहीत.
पदरचा पत्ता घालून मी आकडा पुरा करते.
काचेच्या दारामागं किती ओलं, किती कोरडं,
हात लावून बघू कोण देणार?
आणि बाईंच्या वर्गात
पदरचं किती घालावं लागेल?

रात्री दोनला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
बॅरल, घागरी, कुकर, सगळं भरलं.
नळी गुंडाळून आत आले तर
अनुषा जागी. सुपापाशी बसलेली.
कातरलेल्या पत्त्याचे तुकडे ओळीनं मांडून
एकेकाला विचारत होती,
धिस इज अ?
धिस इज अ?
जो बोलला नाही त्याला बोटानं बाजूला सारत होती.

मी काही बोलले नाही.
बाजूचे तुकडे वेचले, परत ओळीत ठेवले.
तिनं परत सारले.

दोन्ही फॉर्म टीव्हीखाली आहेत.
शुक्रवार शेवटचा.