वादी

पहिल्या सत्राच्या पहिल्याच तासाला
हुपरीकर मॅडमनी विचारलं, वादी म्हणजे काय?
मी हात वर केला, सांगून टाकलं:
चामड्याची बारीक पट्टी. भिजवायची, ओढायची, मग शिवायची.
वर्ग हसला.
नजीर तेवढा हसला नाही,
त्याच्या मांडीवर तबला होता,
आठ गठ्ठ्यांवरून गेलेली एक लांबलचक वादी.
तेही बरोबरच, मॅडम म्हणाल्या,
पण लिहून घ्या: रागातला राजा स्वर.

वही अजून आहे.
राजा या शब्दाखाली बाभळीच्या सालीचा तांबूस ठसा,
सकाळी बोटं नीट धुवायची राहिली होती.

सुभाषनगरातून सागरमाळावर यायला दोन केएमट्या,
खांद्यावरच्या वह्यांत बावीस श्रुती.
जुन्या ग्रंथांत मोर षड्जात बोलतो.
विद्यापीठातला मोर तळ्याकडच्या भिंतीवर बसून
जे काही बोलतो
ते माझ्या काळी पाचच्या आसपासही नाही.
नजीर हातोडी खाली ठेवून म्हणाला,
मिळवून घे की त्याला.

शेवटच्या सत्रात स्वतःची रचना.
मी देशकार घेतला, झपतालात.
शब्द सापडेनात.
सगळ्यांच्या बंदिशीत पिया, सगळ्यांना सास-नणंद.
मला तर नणंदच नाही.
शेवटी लिहिलं,
उजाडलं गं, ओलं कातडं उन्हाला घाल.
मॅडम बराच वेळ ती ओळ बघत राहिल्या.
शब्द राहू देत, म्हणाल्या.
पण तू भूपात जातेस.

पाच स्वर तेच.
कुठं थांबलीस, एवढ्यावरून घर बदलतं.
गंधारावर बसलीस की भूप. धैवतावर उभी राहा.
मी उभी राहायचे,
आणि दुसऱ्या आवर्तनात पाय दुखल्यागत
गंधारावर येऊन टेकायचे.

घरी आप्पा कापशी शिवत होते.
दोन तळांच्या मधे विंचवाच्या बिया,
त्याशिवाय चप्पल करकरत नाही.
जोड पायात घालून ते बोळातून
शेंडग्यांच्या नळापर्यंत गेले, परत आले.
डावी लई बोलतीया.
मला काहीच ऐकू आलं नाही.
तानपुऱ्याच्या खर्जात लपलेला गंधार ऐकू येणाऱ्या मला.
त्यांनी अख्खी कड उसवली,
दोन बिया काढून चहाच्या बशीत ठेवल्या,
पुन्हा शिवायला घेतलं.
आणि वर न बघता म्हणाले,
वैजू, तूबी एकाच जाग्यावर सारखी टेकतीस.
कोण बसलंय तुझं तिथं?

रात्री अंतऱ्यातले दोन गंधार खोडले.
ओळीला भोकं पडल्यासारखं दिसलं. आवडलं नाही.
सकाळी गाऊन बघितलं.
तरी नाही आवडलं.
बुधवारी कधीतरी आवडलं.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून आलेल्या परीक्षकांच्या आधी
व्हरांड्यातून त्यांच्या चपला आल्या.
करकर, करकर,
उजवी खणखणीत आणि डावी
दोन बियांनी गप्प.
शिक्का महाद्वार रोडवरच्या दुकानाचा असणार,
आवाज आमच्या बोळातला.
कुणाला सांगणार? नजीर ठेका धरून बसलेला.
दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या, माझ्या चपलांशेजारी.
चपलेला दोन्ही बाजूंनी कान असतात, शिवणाऱ्यांच्या भाषेत.
दार उघडंच राहिलं.

मी गायले.
अंतऱ्यात त्या दोन जागा आल्या,
त्यांच्यावरून पाय न ठेवता गेले.
कुठंतरी मोर ओरडला, बेसूर, वेळेवर.

परीक्षकांनी चष्मा पुसला.
गुणांच्या कागदावर पेन टेकवून विचारलं,
वादी?

धैवत, म्हटलं मी,
आणि जीभ चावली,
कारण पहिलं उत्तर अजून तोंडातच होतं.