अकरा नंबरचं टेबल

सास्कॅटूनच्या फुलवाल्यानं अठरा टेबलांचा आकडा सांगितला
तेव्हा ओरिसियानं "बरं" म्हणून फोन ठेवला
आणि तळघराचा दिवा लावला.

तिथं होते ते, भिंतीला टेकून, तीन रांगांत.
मेत्रोच्या नळीतून जायची त्या पावडरीचे डबे.
प्रत्येक झाकणावर काळ्या मार्करनं
उघडला, चार मार्च.
उघडला, नऊ मार्च.
डबा फेकायचा नाही हे त्या घरचं जुनंच.
मेत्रो त्यांत खिळे ठेवायचा, वायसर, तुटक्या साखळ्या,
आणि नेमका हवा तेवढा स्क्रू सोडून
बाकी सगळं सापडायचं.

"आई, लोक ओळखतील. लोक काय म्हणतील?"
"लोक जेवतील," ओरिसिया म्हणाली,
आणि लारिसा गप्प बसली,
नवरी असून.

मंगळवारी आम्ही चौघीजणी तिच्या ओट्याशी.
गरम पाणी, सोडा, नखं.
लेबलावरचा पांढऱ्या केसांचा माणूस
चमचा हातात धरून हसत होता.
हे ज्यांना लागतं त्यांच्या हातात चमचा कुठला,
असं डोरीन बोलून गेली
आणि तिनं जीभ चावली.
ओरिसिया हसली. खरंच हसली.
तो कागद ओला होऊन सोलला जायचा,
गोंद मात्र राहायचा बोटांना,
घरी जाऊन कणीक मळताना पुन्हा चिकटायचा.

मग पडद्याची जुनी लेस,
गवताच्या गठ्ठ्यांचा नारिंगी दोर,
आणि बांधावर कापायचा राहिलेला गहू.
ओंब्या जड, डबे हलके,
पहिले तीन उभे केले तर तिन्ही लोटांगण घालू लागले.
म्हणून तळाशी खडी.
दारातल्या रस्त्याची खडी मी ओंजळींनी भरली, सतरा डबे.
अठरावा तिनं माझ्या हातून घेतला.
"यात नको."

उघडला, सव्वीस मे.
आत अर्धी पावडर तशीच,
तिच्यात रुतलेला निळा चमचा.
तिनं गहू तिथंच खोचला.
सरळ उभा राहिला.

शनिवारी हॉलमध्ये कुणी काही ओळखलं नाही.
किंवा ओळखलं असेल.
आमच्याकडे अशी रीत, की ज्याच्या खुर्चीखाली ठिपका
त्यानं टेबलावरची सजावट घरी न्यायची.
अकरा नंबरवर ठिपका निघाला वेस्लीच्या खुर्चीला,
खतवाल्या लेनर्डचा नातू, वय वर्षं नऊ.
त्यानं गहू उपटून बाजूला ठेवला,
डबा कानाशी धरून हलवला,
आणि तळाला काय लिहिलंय ते बघायला
नाचणाऱ्यांच्या मधोमध जाऊन
उलटा केला.

अॅकॉर्डियन अर्धा श्वास घेऊन थांबलं.
एक पांढरा ढग खाली बसला.
चमचा घरंगळत जाऊन
नव्या जावयाच्या बुटाशी अडला.
मी झाडूकडे धावले,
पण नजर ओरिसियाकडे. सगळ्यांचीच.

तेव्हा म्हातारा नेस्टर,
ज्याला ऐकू येत नाही आणि म्हणून जो कधी थांबत नाही,
ओरडला, "वा! पूर्वी मक्याचं पीठ टाकायचे!
त्याशिवाय पोल्का कसला?
पाय सरकायला नको?"

ती उठली. पदराची बाई नव्हे ती, एप्रनची,
पण त्या दिवशी एप्रनही नव्हता,
हात पुसायला जागा नव्हती.
हात तिनं नेस्टरला दिले.
मग वाजवणाऱ्यालाच कळलं काय करायचं ते.

रात्री पार्किंगमध्ये गाड्यांच्या दिव्यांत
पांढऱ्या पावलांचे ठसे दिसत होते,
शेवरलेपर्यंत, फोर्डपर्यंत,
एक जोडी नुसतीच कुंपणाकडे गेलेली.

रविवारी आम्ही दोघी हॉल झाडायला.
फळ्यांच्या फटीतलं पांढरं काही निघेना,
तिनंही फार जोर केला नाही.
चमचा मात्र खिशात टाकला.
दाराशी कुलूप लावताना विचारलं,
"डबा?"
"वेस्लीनं नेला."
"बरं झालं," ती म्हणाली.
"खिळे ठेवील."