अक्षराला चाळीस रुपये

नववीनंतर उर्वीची शाळा सोडवली.
का, ते वडगावात सगळ्यांना ठाऊक आहे, इथे नको.
आता ती घरी शिकते. गणित आईकडे,
कन्नड शेजारच्या शिवलीलाकडे, तेही माझ्यापेक्षा बरं.
फ्रेंच हे तिचं तिनं काढलेलं खूळ.

मी बोर्ड रंगवतो. खडेबाजारात अजून चार दुकानं
फ्लेक्सला नको म्हणतात, त्यांच्यावर घर चालतं.
वर कन्नड, खाली इंग्रजी, मराठी बसली तर बसली.
कुठल्या भाषेला किती इंच, हे पट्टीनं मोजणारा माणूस मी,
आणि मला विचारते,
बाबा, कुठला कोर्स घेऊ?

पहिला म्हणत होता, तीस दिवसांत फ्रेंच.
हा धंदा मला माहीत आहे.
पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारायचा,
गिऱ्हाईक घरी पोचेस्तोवर फोड येतात.
दुसरा दोन वर्षांचा, किंमत वाचून
तिच्या आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं.
तिसरं पुस्तक कॅम्पातल्या मस्करेन्हास बाईंच्या कपाटात निघालं,
चोवीस धडे, कुणीतरी पेन्सिलीनं आधीच सोडवलेले,
अर्धे चुकलेले.
हेच घ्या, बाई म्हणाल्या. चुका शोधायलाही फ्रेंच यावं लागतं.

आणि आठवड्याला एकच धडा.
गुरुवारी पुस्तक उघडायचं नाही. गुरुवारी विसरायचं.
शुक्रवारी जे उरेल, तेवढं तिचं.

मी वेळापत्रक रंगवलं, जुन्या पत्र्याच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला कुणाचं तरी दुकान आहे, डांबर फासलेलं.
फासणारे कुठल्या बाजूचे होते, आता आठवत नाही.
म्हणजे आठवतं.
भिंतीकडे तोंड करून टांगलाय तो पत्रा.

दिवाळीपर्यंत बारा धडे, असं मी पिवळ्यानं लिहिलं होतं.
दिवाळीला ती पाचव्यावर होती.
तिथं वय सांगायचं असतं आणि ते लोक
वय जवळ बाळगतात म्हणे, छत्रीसारखं.
माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत.
भूकसुद्धा जवळ असते त्यांच्या.
शिवलीला म्हणाली, ननगे हदिनैदु वर्ष, एवढंच. आहेबिहे काही नाही.
आणि आपल्यात?
आपल्यात लागतं, मी म्हटलं.
भूक लागते, ठेच लागते, पंधरावंही लागतं.
त्या एका धड्यावर तीन आठवडे गेले.
बारा खोडून मी सात केले,
मग सातही खोडले, आता तिथं नुसता पिवळा ठिपका आहे.

एका रात्री वैतागून आली,
बाबा, हे शेवटची अक्षरं लिहितात आणि बोलत नाहीत!
मग कशाला लिहितात?
मी म्हटलं, मी अक्षराला चाळीस रुपये घेतो,
मुकं आहे म्हणून सोडणार नाही.
ती हसली नाही. वहीत बघत राहिली.
थोड्या वेळानं म्हणाली,
एक माणूस की पुष्कळ, ते त्या मुक्या अक्षरावरूनच कळतं.
ऐकणाऱ्याला नाही. वाचणाऱ्याला.
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला
आणि उगाच बराच वेळ ढवळत बसलो.

शेजारचे हुंदरे मास्तर अजून विचारतात,
शिकून कुठं जाणार हाय पोरगी?
सध्या नवव्या धड्यावर, मी सांगतो.

परवा दुसऱ्या गेटाजवळ एका पोराचा बोर्ड लावला.
कॅफे. इंग्रजी ओळीत शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ पाहिजे होती,
कुठल्या बाजूला झुकते ते त्यालाच माहीत नाही.
शिडीवरून उर्वीला फोन केला.
उजवीकडे वर, ती म्हणाली, आणि बारीक ठेवा, बाबा.
ठेवली.
खालून पोरगा ओरडला,
काय ओ पेंटर, माशी बसलीया की बोर्डावर, पुसा!
म्हटलं, राहू दे.
माशीचे पैसे घेतले नाहीत.